फ्रिझी नव्हे, कर्ली

जून लागला की मुंबईत मरोळ नाक्याजवळच्या आमच्या पार्लरमध्ये एकच मागणी वाढते : "स्मूदनिंग करून द्या." मागणाऱ्या बऱ्याच जणी जवळच्या सीप्झमधल्या कंपन्यांत नोकरीला. सकाळी केस नीट विंचरून घरून निघतात आणि मेट्रोतून उतरेपर्यंत ते डोक्याभोवती पिंजारतात. "ताई, माझे केस फार फ्रिझी आहेत हो," असं त्या अगदी काकुळतीने सांगतात. मी केस कापते, त्यातही मुख्यतः कुरळे, आणि माझं ठाम मत आहे की यांतल्या अनेकींचे केस मुळात कर्ली असतात. आपल्या बटा त्यांनी कधी पाहिलेल्याच नसतात.

पाहणार कशा? नहाणं झालं की टॉवेलने खसाखसा पुसायचं, वाळल्यावर कंगवा फिरवायचा, मग खोबरेल लावून चापूनचोपून दोन वेण्या. शाळेलाही तेच हवं असतं. कुरळे केस एकमेकांना धरून वळतात, त्याची बट होते. कोरड्या केसांतून कंगवा गेला की ती बट मोडते, प्रत्येक केस आपल्या वाटेने जातो आणि आपण म्हणतो, केस राठ आहेत.

केस कुरळा होतो तो कातडीच्या आत. ज्या पिशवीतून तो उगवतो ती वाकडी असली की केस वळणदार येतो. सरळ केसाचा छेद साधारण गोल दिसतो, कुरळ्याचा चपटा, लंबगोल. डोक्याचं नैसर्गिक तेल अशा वळणांवरून टोकापर्यंत पोचत नाही, म्हणून कुरळे केस लवकर कोरडे पडतात. कोरडा केस हवेतला ओलावा ओढतो आणि फुगतो. मुंबईच्या पावसाळ्यात ओलाव्याला काय तोटा!

अमेरिकी केशरचनाकार आंद्रे वॉकर यांनी १९९०च्या दशकात केसांचे चार प्रकार पाडले : सरळ, वेव्ही, कर्ली आणि अगदी घट्ट वळणांचे किंकी. ओप्रा विन्फ्रीचे केस करणारे हेच. आता कॉलेजच्या मुली येतात त्या "मी थ्री ए आहे", म्हणजे तिसऱ्या, कर्ली प्रकारातली, असं सांगतच. मला त्यांचं कौतुक वाटतं. निदान आपल्या केसांकडे त्या नीट बघतात तरी. मात्र एकाच डोक्यावर मानेपाशी घट्ट वळणं आणि कपाळावर नुसत्या लाटा असं सर्रास आढळतं. म्हणून मी आकड्यावर विसंबून कात्री चालवत नाही.

पहिल्या भेटीत मी स्मूदनिंगही करत नाही. आधी घरी एक करून बघायला सांगते. केस धुवा, भरपूर कंडिशनर लावा, ते केसांत असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने गुंता सोडवा आणि धुऊन टाका. जुन्या सुती टी-शर्टने पाणी टिपून घ्या. मग पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नका. वळणं दिसली, तर केस कर्ली किंवा वेव्ही.

स्मूदनिंगची घाई मी उगीच टाळत नाही. त्याच्याच जातीच्या रिबॉन्डिंगमध्ये केसातले गंधकाचे बंध रसायनाने तोडतात, इस्त्रीने केस सरळ करतात आणि बंध पुन्हा जोडतात. केस उगवणारी पिशवी तशीच वाकडी राहते, त्यामुळे काही महिन्यांत मुळाशी कुरळे आणि खाली काठीसारखे सरळ, असं दुरंगी डोकं होतं. काही केराटिन ट्रीटमेंटमध्ये तापवताना फॉर्माल्डिहाइड सुटतं. त्याने डोळे चुरचुरतात, घसा धरतो आणि ते कर्करोगकारक आहे. 'फॉर्माल्डिहाइड नाही' असं लिहिलेल्या काही बाटल्यांत ग्लायऑक्झिलिक आम्ल असतं. ते वापरून केस सरळ केल्यावर मूत्रपिंडाला इजा झाल्याचं एक प्रकरण २०२४ मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. हे कळल्यापासून बाटलीवरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय मी झाकण उघडत नाही.

त्यापेक्षा जवस आणा. चटणीला आणतो तेच. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात ढवळत उकळा, पाणी अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्यासारखं बुळबुळीत झालं की गरम असतानाच गाळा; थांबलात तर गाळणीतून उतरणार नाही. हे जेल फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्याच्या आत संपवा. ओल्या केसांना चोळून बटा मुठीत दाबा. पावसाळ्यात मात्र त्यात ग्लिसरीन घालू नका, ते हवेतला ओलावा ओढतं आणि केस परत फुगतात.