वरचा 'सी'

बेचाळिसाव्या वर्षी माणसाने साखर तपासून घ्यावी, ट्रंपेट शिकू नये, असे आमच्या सौभाग्यवतींचे ठाम मत आहे. मी शिकतो, तेही जॅझसाठी.

या वाद्याला कळा तीनच. एकही न दाबता त्यातून पाचसात सूर निघतात. कोणता निघायचा हे ओठ आणि श्वास ठरवितात. वरचा सूर हवा असला की नवशिका वाद्य ओठांवर दाबतो. तेथेच रक्त अडते, ओठ थरथरेनासे होतात. प्रत्यक्ष लुई आर्मस्ट्राँगचे ओठ उंच सुरांपायी फाटले आणि १९३४ मध्ये पॅरिसला त्याला कित्येक महिने वाद्य बाजूला ठेवावे लागले; मग आमची काय कथा!

माहीमचे माझे मास्तर मूळचे गोव्याचे. लहानपणी त्यांनी चिक चॉकलेटला ऐकलेले. आधी लांब, हळुवार सूर. मग कळांना हात न लावता खालून वर सरकणे. "प्रोफेसर, जेवढं वाजवलं तेवढंच गप्प बसा." तासभर अखंड बोलण्याचाच पगार घेणाऱ्याला ही अट फार जड जाते!

ट्रंपेट त्यांचेच आहे. समोरचे दात गेल्यापासून ते वाजवीत नाहीत. दोन वर्षांत माझा 'जी' साफ लागू लागला. त्यावरचा 'सी' मात्र फाटतो. फाटला की मास्तर डोळे मिटून तो खालच्या सप्तकात गुणगुणतात. 'सी'ला कळ लागत नाही. त्यांची तीन बोटे गुडघ्यावरून अलगद उचललेली असतात.