आधी राजीनामा नको

लग्न झालं की बायकोनं नवऱ्याजवळ जावं, यात विचारायचं काय, असं मी अगदी परवापर्यंत म्हणत होते. मुलगा अमेरिकेत नोकरीच्या एच-१बी व्हिसावर. सून ठाण्यात चांगल्या नोकरीत. लग्नानंतर ती म्हणाली, ‘‘आई, त्याचं आय-१४० मंजूर होऊ दे, मग मी राजीनामा देते.’’ मला ते प्रकरण कळलं नाही, राग मात्र आला. कागद मोठा की संसार? शिवाय आमच्या डोंबिवलीत ‘सूनबाई अजून इथेच?’ हा प्रश्न जिन्यात, भाजीवाल्याकडे, सगळीकडे. माझ्या रागात निम्मा वाटा त्या प्रश्नाचाच होता.

मग तिनंच समजावलं. एच-१बीवाल्याच्या जोडीदाराला एच-४ व्हिसा मिळतो. त्यावर राहता येतं, शिकता येतं, पण नोकरी करता येत नाही. मे २०१५पासून काहींना सवलत आहे: नवऱ्याचं ग्रीन कार्डाच्या वाटेवरचं आय-१४० मंजूर हवं, किंवा त्याच वाटेवर असताना त्याला सहा वर्षांच्या पुढे मुदतवाढ मिळालेली हवी. आय-१४०चा अर्ज सहसा कंपनी करते, त्यामुळे ते मुलाच्या हातात नाही. त्यानंतर सुनेनं कामाच्या परवान्याचा वेगळा अर्ज करायचा. पूर्वी नूतनीकरणाचा अर्ज अडकला तरी जुना परवाना काही काळ आपोआप चालू राहायचा. ऑक्टोबर २०२५च्या अखेरीपासून केलेल्या अर्जांना ती सोय राहिली नाही. ग्रीन कार्डाचं तर बोलायलाच नको. एका देशाला साधारण सात टक्क्यांची मर्यादा, आणि रांगेत बहुतेक आपलीच माणसं.

एवढं ऐकूनही मी लगेच बधले नाही. बधले ते स्वतःकडे बघून. मुलगा तान्हा असताना सासूबाईंनी मला बँकेतली नोकरी सोडायला सांगितलं होतं. मी सोडली नाही. फास्ट लोकलमध्ये चेंगरत व्ही.टी.ला जात राहिले, कारण पहिल्या तारखेला पगार माझ्या खात्यात पडायचा आणि कुणापुढे हात पसरावा लागत नव्हता. तीच मी सुनेला म्हणत होते, सोड आणि जा.

आणि जोडीनंच जायचं, हा तरी कुठला जुना नियम? आमच्या शेजारच्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ साली नवऱ्याविना अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. त्यांचे यजमान गोपाळराव मागाहून पोचले.

दूर राहणं सोपं आहे असं नाही. रात्री व्हिडिओ कॉलवर दोघं भांडतात, ते मला भिंतीपलीकडे ऐकू येतं. पण ते त्यांचं भांडण आहे. राजीनाम्याची तारीख सून ठरवेल. जिन्यात कुणी विचारलं तर आता मीच सांगते, ‘‘तिची नोकरी आहे इथे.’’

परदेशातलं स्थळ बघणाऱ्यांना मात्र एक सांगते. पगार आणि घर विचारता, तसा व्हिसाही विचारा, आणि तो बैठकीतच विचारा. जर्मनीच्या ब्लू कार्डवाल्याच्या किंवा ब्रिटनच्या स्किल्ड वर्करच्या जोडीदाराला नोकरी करता येते. अमेरिकेतही कंपनीनं एल-१वर पाठवलेल्या माणसाच्या जोडीदाराला वेगळा परवाना लागत नाही. एच-१बी असेल तर आय-१४० कुठवर आलंय ते आधी विचारा, हॉल नंतर बुक करा.