निम्मं बदललेलं मत

लहान मुलांना टीव्हीवरून विज्ञान शिकवता येत नाही, असं मी विज्ञानशिक्षिका म्हणून वर्षानुवर्षं पालकसभांत सांगत आले. पडद्यावरचा प्रयोग कधी फसत नाही आणि मुलाचा हात त्याला लागत नाही, हा माझा मुद्दा. १९७२ साली मध्य प्रदेशात सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमाने मुलांच्या हाती प्रयोगाचं साहित्य दिलं. माझा पिंड त्या विचारावर पोसलेला.

ते मत आता निम्मं बदललं आहे. निमित्त झालं अमेरिकेतल्या नातीच्या आवडत्या मालिकेचं. पीबीएस वाहिनीवर २००८ साली सुरू झालेल्या ‘सिड द सायन्स किड’मध्ये बालवाडीतला सिड रोज एखादा प्रश्न घेऊन शाळेत जातो. एका भागात त्याचं केळं मऊ, काळं पडतं. मग मुलं नीट बघतात, तुलना करतात, वहीत चित्र काढतात. त्या वहीने मला जिंकलं. माझ्या वर्गातली सातवीची मुलंसुद्धा निरीक्षण सोडून पुस्तकातला निष्कर्ष उतरवायची.

नातीने एक केळं फ्रिजमध्ये ठेवलं, एक ओट्यावर. “आजी, आधी कुठलं काळं होईल?” मी म्हटलं, ओट्यावरचं. साल आधी काळवंडली ती फ्रिजमधल्याची. सोललं तर आतला गर मात्र घट्ट! मग तिचा पुढचा प्रश्न तयारच होता.

सिडच्याही आधीच्या, १९९६च्या ‘ब्लूज क्लूज’ या मुलांच्या मालिकेतला निवेदक प्रश्न विचारून चक्क थांबायचा, आणि निकलोडियन वाहिनी तोच भाग सलग पाच दिवस दाखवायची. मी याला आळस म्हटलं असतं. पण पुन्हा पुन्हा पाहिल्यावर मुलं जास्त बोलू लागतात, असं संशोधकांना आढळलं.

उरलेलं निम्मं मत कायम आहे. दोन वर्षांखालची मुलं समोरच्या माणसाकडून शिकतात तितकं पडद्याकडून शिकत नाहीत. शिवाय केळं कुजायला लागणारे दिवस अर्ध्या तासात मावत नाहीत. मालिकेने पद्धत दाखवली खरी, पण चिलटं घोंगावू लागली तरी ते केळं न फेकणारी आई नातीला घरात होती.

म्हणून आता मी पालकांना सांगेन: कार्यक्रम प्रश्न विचारून मुलासाठी थांबतो का, ते बघा. आणि तो संपल्यावर घरात थोडा पसारा होऊ द्या.