मागची खोली

मांजरांच्या बाबतींत आमचा पूर्वेतिहास निष्कलंक नाहीं. १९८९ सालीं, कॉलेजांत शिकत असतांना, आम्हीं एक पिलूं पाळलें होतें. एके दिवशीं त्याचें अंग गरम लागलें, म्हणून मोठ्या मायेनें आम्हीं पॅरासिटॅमॉलच्या गोळीचा तुकडा दुधांत कालवून त्याला पाजला. माणसाचा ताप उतरविणारी ही गोळी मांजराच्या यकृताला पेलत नाहीं व त्याच्या रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्तीच ती हिरावून घेते, हें आम्हांला फार उशिरा कळलें. दुसऱ्या दिवशीं पिलूं गेलें. अज्ञानी माया वैराहून घातक असते, हा धडा तेवढा आमच्याजवळ उरला.

म्हणूनच गेल्या श्रावणांत आमच्या कन्येनें अडीच महिन्यांचें एक करडें पिलूं आणण्याचें ठरविलें, तेव्हां सर्व सूत्रें आम्हीं आपल्या हातीं घेतलीं. आठ आठवडे भरण्यापूर्वीं तें आईपासून तोडलेलें नाहीं, याची आधीं खात्री केली. मग मागची लहान खोली मोकळी करून खिडकीला जाळी ठोकली. शिवणाचा डबा कपाटांत गेला. कारण गिळलेल्या दोऱ्यानें आंतड्यांच्या चुण्या होतात. फिनेल आणि डांबराच्या गोळ्या हद्दपार झाल्या. फुलदाणींतील लिलीहि गेली. तिचे नुसते पराग चाटले तरी मांजराचे मूत्रपिंड निकामी होऊं शकतात. एका कोपऱ्यांत वाळूचा ट्रे आणि दूर दुसऱ्या कोपऱ्यांत अन्नपाणी ठेवलें. मोरीशेजारीं पान मांडलेलें आपल्याला तरी कुठें चालतें?

मातोश्री दुधाची वाटी घेऊन आल्या. गाईचें दूध पुष्कळ मांजरांना पचत नाहीं, पिलांना तर हगवण लागते, असें आम्हीं नम्रपणें सांगितलें. "मांजराला दूध नाहीं, तर काय बासुंदी देणार?" असें म्हणून त्या रागानें परत गेल्या. पूर्वीच्या घरीं पिलूं जें खात होतें तेंच त्याला चालूं ठेवावें, असा आमचा हुकूम होता.

पिलूं आलें, पेटींतून उतरलें आणि थेट कपाटाखालीं शिरलें. त्याला कोणीं ओढूं नये, उचलूं नये, नुसती हाकहि मारूं नये, अशी आम्हीं सर्वांना ताकीद दिली. कन्या रडकुंडीस आली. दोन रात्री आम्ही त्या खोलींत जमिनीवर वर्तमानपत्र वाचीत बसलों. अंधारांतून दोन डोळे आमच्याकडे पाहात होते. तिसऱ्या रात्रीं एक हलका स्पर्श पायाला झाला, आणि पाठोपाठ ती संथ घुरघुर ऐकूं आली. पस्तीस वर्षांचें ओझें कोणीतरी अलगद उतरविल्यासारखें आम्हांला वाटलें.

सकाळीं चहाच्या वेळीं ही विजयवार्ता आम्हीं पत्नीस सांगितली. कपांत चमचा फिरवीत ती म्हणाली, "फार चांगलं केलंत. त्याला स्वतःची खोली दिलीत, ओळखीचं जेवण दिलंत, आपण होऊन जवळ येईपर्यंत वाट पाहिलीत." क्षणभर थांबून तिनें पुढें म्हटलें, "मी आले त्या दिवशीं दारांत मला नांव घ्यायला लावलं होतं, आणि संध्याकाळीं बारा माणसांच्या पोळ्या लाटायला बसवलं होतं."

तिच्या स्वरांत कडवटपणा नव्हता. तो असता तर उत्तर देणें सोपें गेलें असतें.

पंधरवड्यांत पिलूं सगळ्या घरभर हिंडूं लागलें आणि मागची खोली रिकामी झाली. तेथें आमचीं पुस्तकें हलविण्याचा बेत होता. तो रद्द करून आम्हीं तिची किल्ली पत्नीच्या पुढ्यांत ठेवली. तिनें ती कांहीं न बोलतां उचलली. आतां रोज दुपारीं दार लोटून ती तेथें वाचीत बसते. आंत जाण्याची मुभा सध्यां फक्त पिलाला आहे. आम्ही बाहेर वाट पाहातों. ती कशी पाहावी, हें आम्हीं नुकतेंच शिकलों आहों.