समईची शंभरी

बायकांना वय विचारूं नये, असा संकेत आहे. समईला तें विचारण्याचा प्रसंग मात्र माझ्यावर नुकताच आला.

आमच्या बदनापूरच्या घरीं देव्हाऱ्यापुढें एक पितळी समई आहे. लंडनला संसार थाटलेल्या माझ्या मुलीनें ती मागितली. आईनें तत्काळ होकार दिला, आणि मी कायदे चाळूं लागलों.

जकातीचा जाच आमच्या भागाला नवा नाहीं. निजामाच्या अमलांत येथें 'करोडगिरी' नांवाचें खातेंच होतें; इंग्रजी मुलखांतून येतांना नाक्यावर गांठोडें सोडून दाखवावें लागे, असें वडील सांगत. पण तेथें प्रश्न असे मालाच्या किंमतीचा. समईच्या बाबतींत तो निघाला वयाचा.

१९७२ च्या कायद्याप्रमाणें इतिहास, कला किंवा धर्माचार यांच्या दृष्टीनें महत्त्वाची वस्तु शंभर वर्षांची झाली कीं पुरातन ठरते. मोलाच्या हस्तलिखिताला पंचाहत्तर वर्षें पुरतात. अशी वस्तु खासगी माणसाला देशाबाहेर नेतां येत नाहीं. उलट, सीमाशुल्काच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणांत शंभरी ओलांडलेल्या वस्तूंना ९७०६ हा मानाचा क्रमांक आहे, आणि विलायतेंत त्यांवर सीमाशुल्क नाहीं. समई तरुण ठरली, तर तिनें ९४०५ मध्यें सामान्य दिव्यांच्या पंगतीला बसावें. चित्र मात्र कितीहि म्हातारें झालें तरी ९७०१ सोडीत नाहीं, आणि सुटा मोती जन्मभर मोत्यांच्याच प्रकरणांत राहतो!

सारांश, येथून निघतांना समई नव्व्याण्णव वर्षांची असावी आणि तेथें उतरतांना एकशें एक वर्षांची. वय चोरण्याची आणि वाढविण्याची अशी दुहेरी सोय एका प्रवासांत कोणालाच साधलेली नाहीं.

शेवटीं समई उलटी केली. बैठकीखालीं ठिपक्याठिपक्यांनीं आजीचें नांव घातलेलें होतें, आणि खालीं 'शके १८५०', म्हणजे इसवी सन १९२८. शंभरी भरायला अजून थोडा अवकाश होता. पण नांव घातल्याचें साल म्हणजे घडल्याचें साल नव्हे. "लग्नांत नवीच घेतली होती, सासूबाईच सांगत," आई म्हणाली. सासूचा शब्द पुरावा म्हणून कोणत्या खात्यांत चालतो? भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तज्ज्ञांना समई दाखवून 'ही पुरातन नव्हे' असा दाखला घ्यावा, हाच सरळ मार्ग. मग पार्सलाचा खर्च किती, याचा हिशेब मी मांडूं लागलों.

आई शांतपणें ऐकत होती. "शंभरी भरली कीं नेतां येणार नाहीं म्हणतोस ना?"

"नाहीं."

"मग पार्सलाचें नांव काढूं नकोस. त्याच्या आंत स्वतः येऊन घेऊन जा म्हणावें तिला. मी आहें तोंवर."

मुलीला घरीं येऊन चार वर्षें झालीं होतीं. समईचीं वर्षें मोजतांना हीं चार मोजण्याचें मला सुचलें नव्हतें.

तिनें दिवाळीचें तिकीट काढल्याचें परवां कळलें. तेव्हांपासून आई चिंच घेऊन रोज समई घांसावयास बसते. बैठकीखालीं फार घांसूं नकोस, एवढेंच मीं तिला बजावलें आहे. आमचा लेखी पुरावा तेवढाच.