रात्री गाडीचा फोटो कसा काढावा? : एक अनुभव



दिवसा काढलेले फोटो छान येतात, पण रात्री काढले की एकतर सगळं काळं, नाहीतर सगळं हललेलं. ही तक्रार वर्गात बरेच जण करतात. त्यावर लगेच दुसरं वाक्य येतं, "सर, आपल्याकडं भारीतला कॅमेरा कुठाय?" मलाही पूर्वी तसंच वाटायचं. एका रात्री औंधमध्ये माझा हा समज गेला. त्या रात्री मी काय काय चुकलो आणि काय शिकलो, ते आज सांगतो.

नववीतला एक मुलगा शाळा सुटल्यावर थांबला होता. म्हणाला, "सर, आमची जीप उद्या जाणार. गिऱ्हाईक सकाळी आठला येतंय. आज्जी म्हणतीय, एक फोटू पायजे." त्याचे वडील बरीच वर्षं वडापची जीप चालवायचे. औंध–पुसेसावळी, औंध–रहिमतपूर अशा फेऱ्या. ही गाडी घेताना आज्जींनी हातातल्या पाटल्या मोडल्या होत्या. एवढ्या वर्षांत गाडीचा एकही धड फोटो घरात नव्हता. शेवटच्या दिवशीही गाडी रूटवरच होती, ती दारात लागणार रात्री साडेआठला. म्हणजे फोटो काढायचा तर रात्रीच, आणि आजच. माझ्याकडे होता एक जुना, खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा.

पहिली चूक : फ्लॅश

अंधार आहे म्हणून मी सरळ फ्लॅश उडवला. फोटोत नंबर प्लेट पांढरीफटक, समोरची काच चमकलेली आणि बाकी गाडी गायब! असं का झालं? लहान कॅमेऱ्याचा फ्लॅश तीन-चार मीटरच्या पुढे फारसा पोचत नाही. शिवाय नंबर प्लेटवरचा आणि रेडियमच्या पट्ट्यांवरचा थर असा बनवलेला असतो, की उजेड जिकडून आला तिकडेच तो परत पाठवतो. रस्त्यावर हे चांगलंच, कारण मागच्या ड्रायव्हरला गाडी दिसते. पण फोटोत तोच उजेड थेट कॅमेऱ्यात येतो. म्हणून पहिला नियम : फ्लॅश बंद.

दुसरी चूक : कॅमेरा हातात

फ्लॅश बंद केला तर फोटो हलला. अंधारात पुरेसा उजेड गोळा करायला कॅमेऱ्याला वेळ लागतो, म्हणून त्याचं शटर जास्त वेळ उघडं राहतं. तेवढ्या वेळात आपला हात हलतोच, कितीही दम धरला तरी. ट्रायपॉड नव्हता. मग पाण्याचं रिकामं बॅरल उपडं घातलं, त्यावर किलोभर ज्वारीची पिशवी ठेवली आणि पिशवीत कॅमेरा दाबून बसवला. ज्वारी कॅमेऱ्याच्या आकाराप्रमाणे सरकते आणि त्याला घट्ट धरून ठेवते. बटण दाबतानाही धक्का बसतो, म्हणून दोन सेकंदांचा सेल्फ टायमर लावला. बटण दाबायचं, हात काढायचा, कॅमेरा आपोआप फोटो घेतो.

आता सेटिंग. आयएसओ सगळ्यात कमी, म्हणजे 80 किंवा 100. आयएसओ वाढवला तर फोटो उजळ होतो, पण त्यात वाळूसारखे दाणे दिसतात. माझ्या कॅमेऱ्यात ‘लाँग शटर’ अशी सोय होती, एक सेकंदापासून पंधरा सेकंदांपर्यंत. तुमच्या कॅमेऱ्यात ती नसेल तर ‘नाईट’ किंवा ‘फायरवर्क्स’ असं चित्र असलेला मोड बघा. त्यातही शटर जास्त वेळ उघडं राहतं. मी चार सेकंदांपासून सुरुवात केली. फोटो काळपट आला, म्हणून आठ सेकंद केले. वेळ दुप्पट म्हणजे उजेडही दुप्पट, हे गणित लक्षात ठेवा.

फोकसही अडला. अंधारात कॅमेऱ्याला गाडीच सापडेना. मग त्या मुलाने बॉनेटवर बॅटरीचा झोत धरला, मी बटण अर्धं दाबून फोकस धरला, त्याने बॅटरी विझवली आणि मी बटण पूर्ण दाबलं.

उजेड कुठून येतो?

आता गाडी दिसत होती, पण सपाट, पुठ्ठ्याची कापून लावल्यासारखी. तेव्हा मला आपली म्युझियमची सहल आठवली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. 1938 मध्ये त्यांनी यमाईच्या डोंगरावर श्री भवानी संग्रहालय उभं केलं. तिथे हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं आई आणि मूल हे दगडी शिल्प तुम्ही पाहिलं आहे. त्याची गोलाई आपल्याला का कळते? एका बाजूला उजेड आणि दुसऱ्या बाजूला सावली असते म्हणून. उजेड समोरून सरळ पडला तर सावली मागे लपते आणि वस्तू चपटी दिसते.

गाडीचंही तसंच. मी मुलाला सांगितलं, "माझ्या शेजारी उभा राहू नकोस. गाडीच्या डाव्या बाजूला लांब जा आणि शटर उघडं असेपर्यंत बॅटरी सारखी हलवत राहा, भिंतीला रंग देतो तशी." बॅटरी एका जागी ठेवली तर तिथे पांढरा डाग पडतो. तो स्वतः अंधारात होता, सारखा हलत होता, म्हणून फोटोत उमटलाच नाही. हेडलाईट मात्र बंद ठेवले. फक्त पार्किंगचे दिवे एक सेकंदभर लावून विझवले, तेवढ्यानेच ते फोटोत मस्त पेटलेले आले. बॉनेटचा गोलवा दिसला, टपावरचं कॅरिअर दिसलं, मागे डोंगराची काळी कड आणि वरचे दिवेही आले.

आठ सेकंद

मग आज्जी म्हणाल्या, "गुरुजी, मी बसू का गाडीत?" त्या पुढच्या सीटवर बसल्या आणि एक हात दारावर बाहेर ठेवला. मुलाचे वडील लांबच उभे होते. "आता काय फोटो काढायचा सर, रंगबी गेलाय तिचा," म्हणाले. मी म्हटलं, "बॅटरीच्या उजेडात गेलेला रंग दिसत नाही. या, बसा स्टेअरिंगवर."

"आठ सेकंद कुणी हलायचं नाही," मी बजावलं. आज्जींनी विचारलं, "श्वास तरी घेऊ का?" सगळे हसले आणि पहिला फोटो वाया गेला. दुसऱ्या वेळी ड्रायव्हरसाहेब मधेच उतरले, दाराजवळचा दिवा डोळ्यांवर येत होता म्हणून. फोटोत ते अर्धे पारदर्शक आले, त्यांच्या अंगातून सीट दिसत होती! कॅमेरा आठ सेकंदांत जे जे समोर येतं ते एकावर एक साठवतो. कुणी निम्म्या वेळात निघून गेलं, तर फोटोतही ते निम्मंच राहतं.

तिसऱ्या वेळी कुणी हललं नाही. आठ सेकंद एरवी कळतही नाहीत, पण त्या रात्री ते फार लांब वाटले. शटर मिटल्याचा आवाज झाला, तरी दोघं तसेच बसून होते. मीही लगेच "झालं" म्हटलं नाही.

सकाळी आठला गाडी गेली. फोटो मी साताऱ्याहून मोठा करून आणून दिला.

चालत्या गाड्यांचे फोटो

चालत्या गाडीच्या दिव्यांच्या रेषा काढायच्या असतील, तर रस्त्यापासून लांब, उंच आणि सुरक्षित जागा निवडा. ताशी 36 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला 10 मीटर जाते, म्हणजे आठ सेकंदांत 80 मीटर. तेवढी लांब रेषा फोटोत उमटते. येणाऱ्या गाडीची पांढरी, जाणाऱ्या गाडीची लाल. गाडी मात्र दिसत नाही.

लक्षात ठेवा

1. फ्लॅश बंद, आयएसओ कमी, कॅमेरा टेकवलेला, टायमर लावलेला.
2. सूर्य मावळल्यावर साधारण वीस-तीस मिनिटं आकाश गडद निळं असतं. जमलं तर ती वेळ साधा. आम्हाला ती मिळाली नव्हती.
3. रस्त्यावरच्या दिव्याचं प्रतिबिंब काचेवर किंवा बॉनेटवर पडत असेल, तर आपणच दोन पावलं सरका.
4. अंधारात कॅमेऱ्याचा पडदा फोटो आहे त्यापेक्षा उजळ भासवतो. मोठा करून तपासा.
5. मालकाची परवानगी घ्या. फोटो ग्रुपवर टाकणार असाल तर नंबर झाका.
6. वाहत्या रस्त्यावर कधीही उभे राहू नका. रात्री एकटे जाऊ नका, घरातलं मोठं माणूस सोबत हवं.

घरचा अभ्यास

तुमच्या दारातली गाडी निवडा. सायकल, ट्रॅक्टर, टेम्पो, काहीही चालेल. दोन, चार आणि आठ सेकंदांचे तीन फोटो काढा आणि काय फरक पडला ते वहीत लिहा. ती गाडी घरात कशी आली, हे घरातल्या मोठ्यांना विचारून पाच ओळीत तेही लिहा. आणि हा अभ्यास पुढच्या रविवारवर ढकलू नका. त्या मुलाच्या घरी बरीच वर्षं तसंच ढकललं जात होतं, शेवटी हातात एकच रात्र उरली.