तिरप्या अक्षराचं देवगिरीचं वळण

लग्नसराई आली की आपल्या शहरातल्या डीटीपीच्या दुकानांत हमखास ऐकू येतं, "नावं जरा इटालिक करा ना." पत्रिका इंग्रजी असली तर वधूवरांची नावं खरोखर खुलतात. मराठी असली की मात्र माझा जीव कासावीस होतो.

इटालिक म्हणजे नुसतं कललेलं अक्षर नव्हे. सरळ सेरिफ टाइपातला दोनमजली 'ए' इटालिकात एकमजली, बदामासारखा निमुळता होतो. पायाशी सपाट बैठक असते, तिथे लेखणी टेकवून उचलल्याची नाजूक शेपटी येते. हा टाइप जन्मलाच मुळी हाताच्या वेगातून. व्हेनिसच्या आल्दुस मानुतिउसने १५०१ साली व्हर्जिलचं आटोपशीर, हातात मावणारं पुस्तक काढलं. त्यासाठी फ्रांचेस्को ग्रिफोने विद्वानांचं धावतं हस्ताक्षर धातूत उतरवलं. मोठी अक्षरं तेवढी सरळ ठेवली. तेव्हा अख्खं पुस्तकच इटालिकात होतं. पुढे ते सरळ टाइपाच्या सोबतीला आलं: ग्रंथांची नावं, परके शब्द, वाचताना जिथे आवाज किंचित बदलावा अशा जागा.

आणि देवनागरीत? संगणक शिरोरेषा तशीच ठेवतो आणि तिच्याखालचे काने एकजात कलंडवतो. 'क'ची गोलाई चेपते, वेलांटी शेजाऱ्यावर रेलते. हाताने असं कुणीच लिहीत नाही.

धावतं लिहिण्याची परंपरा आपल्याकडे नव्हती असं थोडंच आहे? ती इथून जेमतेम पंधरा किलोमीटरवरच्या देवगिरीशी जोडलेली आहे. यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, याने मोडी रूढ केली असं परंपरा मानते. अभ्यासकांत याबद्दल मतभेद आहेत. पण राज्याचं दप्तर ज्याच्या शिरावर, त्याला वेगाची निकड कळली असणार, हे मला मनापासून पटतं.

मोडीचा एखादा कागद जवळून पाहा. आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेषा ओढलेली, मग बोरू होता होईतो न उचलता तिच्याखाली अक्षरं गुंफलेली. एका अक्षराचा शेवट वर वळून रेघेला भिडतो आणि तिथूनच पुढचं निघतं. शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नाही. इटालिकाला लागतो तो सगळा जीव या वळणांत आहे.

विल्यम कॅरीचा मराठी कोश १८१० साली सेरामपूरला मोडी टाइपात छापला गेला. २०१४ साली मोडी युनिकोडातही आली. माझं मागणं त्यापुढचं आहे: मोडीची लय घेतलेली, पण आजच्या वाचकाला सहज वाचता येणारी देवनागरी, सरळ टाइपाच्या जोडीला. अक्षररचनाकारांना त्यासाठी नमुने लागतील. तुमच्या माळ्यावर मोडीची जुनी खतं, वह्या पडल्या असतील तर रद्दीत घालू नका. त्यांचे स्वच्छ फोटो काढा आणि जवळच्या मोडी अभ्यासकाला दाखवा.